तोंडात नळी असताना

नाही, बोर्ड लावलेला असतो हो लॅबच्या दारावर! 'काम चालू, आत येऊ नये', एवढ्या मोठ्या अक्षरांत... पण वाचतंय कोण? जो तो दार उघडून, मुंडकं आत घालून विचारणार, "आत येऊ का?" आता नको म्हणायचं कसं? तोंडात नळी!

म्हणजे कसं, तुम्हाला सांगते, मेंदूत पेशी अब्जावधी, पण माझ्या नशिबात एका वेळी दोनच. मध्ये बारीकशी फट. एकीने ग्लुटामेट नावाचं रसायन सोडायचं, दुसरीने दारं उघडायची. त्या दारांना म्हणायचं रिसेप्टर. दारं उघडली की वीज आत शिरते, इतकुशी, ती मी मोजते. झालं! पाच वर्षं हेच. मावशी भेटली की विचारते, "मग विसरभोळेपणावर गोळी कधी काढतेस?" अगं मावशी, मी अजून दारातच उभी आहे!

आणि मोजायचं कसं, तर केसाहून बारीक काचेची नळी पेशीला टेकवायची, तिला जोडलेली रबरी नळी आपल्या तोंडात, आणि पेशी चिकटेपर्यंत हळूच हवा ओढायची. जोरात ओढलं की पेशी फाटली. टेबलसुद्धा हवेवर तरंगतं, धक्का नको म्हणून. हलायचं नाही, शिंकायचं नाही, बोलायचं तर नाहीच... मी! शाळेत बडबडीपायी रोज बाकावर उभी राहिलेली मी!

अशा अकरा पेशी मोजून झाल्या. सरांना बारा हव्यात, नाहीतर थिसिस जागचा हलत नाही. आणि हे मोजायचं मशीन? शुक्रवार, सोमवार, मंगळवार माझं, मग सहा महिने दुसऱ्या लॅबकडे.

शुक्रवारी सकाळपासून एक पेशी धड लागेना. एक लागतेय तोवर वॉचमनकाका, "मॅडम, ती निळी स्कूटर तुमची का हो?" माझी नाही काका, पण सांगणार कसं? तोंडात नळी! मान हलवली, पेशी गेली. काका म्हणतात, "बरं बरं, सावकाश सांगा."

दुपारी मात्र लागली! अशी चिकटली म्हणून सांगते! आता शेवटचं एक ओढणं... आणि सर! मागे चार पाहुणे! "ही आमची हुशार विद्यार्थिनी. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात, यावर हिचं काम. सांग गं." सांग काय? तोंडात नळी! मी भुवया उडवल्या, डोळे वटारले, अं अं केलं. एक बाई म्हणतात, "अय्या, लाजते वाटतं!" आणि भलीमोठी पर्स ठेवली की हो त्या टेबलावर!

गेली पेशी. मला रडूच आलं, खरंच.

पाहुणे गेल्यावर सर मागे थांबले. अगदी मायेने हं, "काम चांगलं आहे गं तुझं, पण चार माणसांत तोंडातून शब्द फुटू नये?"

"सर, पेशी..."

"पेशी मिळेल दुसरी. संवादकौशल्याच्या शिबिरात तुझं नाव घातलंय मी. सोमवार-मंगळवार."

"अहो सर, पण सोमवार-मंगळवार तर माझं मशीन—"

"बघ! आता कशी बोललीस!"

तर मंडळी, तिकडे मशीन रिकामं बसलंय, आणि मी इथे. मघाशी शिबिराच्या बाई म्हणाल्या ना, न लाजता दोन मिनिटांत आपली ओळख करून द्या... दिली. बसू?