चाळीस घोड्यांचा पंखा

...आनि वर मलाच म्हनतो, "तुला काय कळतंय मोटारीतलं?" ऐकलंत? बसा, बसा, तुमाला सांगते, सगळं सांगते, नायतर माझं पोट फुटंल!

मी हिरा, दांडीची. माझा घरवाला दामू... नवऱ्याचं नाव घेऊ नये, पन आज घेते, रागात सगळं चालतं. तर दामू, माझा जेठ बुधा, नि आनखी दोघं, असे चौघं होडीवर. आजा-पनजापासून शिडावर चाललेली होडी, काय अडत नव्हतं. पन तिकडं तारापूरला तो विजेचा कारखाना बांधतायत ना, त्याच्या कंत्राटदाराची एक समिंदर मोजायची बोट होती, हलकी, डब्यासारखी, ती होळीनंतर खडकावर आपटली. आमच्यांनी धावत जाऊन चार मानसं बाहेर काढली, ते चांगलंच केलं, त्याला मी नाव ठेवत नाय. साहेब खूश! बोट तर फुटलीच होती, म्हनाला, "मोटार तुमची, घेऊन जा." होडीच्या पाठीला बाहेरून टांगायची मोटार. किती घोड्यांची? चाळीस! अवो, आमच्या घरात एक बकरी हाय, ती रोज सुटून शेजारनीचे वाल खाते, ती आवरत नाय... नि हे चाळीस घोडे आवरनार! पन मला इचारलं कोनी?

पयल्या दिवशी रिकामी होडी घेऊन निघाले. पुढची नाळ वर, शेपूट खाली, काय पळाली होडी! बुधाची टोपी उडून पान्यात गेली तरी हसतोय. सगळं गाव किनाऱ्यावर. माझा घरवाला तर उभा राहिला होडीत, छाती काढून, जसा काय चाळीस घोडे हाच व्यायलाय.

नि दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी होडी भरली बोंबलांनी. अन् मोटार लागली कन्हायला... घर्रर्र... घर्रर्र... दम्याची म्हातारी चढ चढते ना, तशी! धूर एवढा, की आत कोन बसलाय दिसेना. शिडाच्या होड्या बाजूनं पुढं गेल्या, नि त्यातले लोक ह्यांना हात हलवून दाखवतायत. रामराम करतायत!

झालं. बैठक बसली. कुठं? माझ्या ओटीवर. मोटारीच्या खाली तो पितळेचा पंखा असतो ना, पानी मागं ढकलनारा, तीन पात्यांचा, तो काढून मधे ठेवला, जशी काय सत्यनारायनाची पूजा. मोटारीचा दोष नाय, पंख्याचा दोष हाय, हे सगळ्यांना कळलं. आता पंखा कसला पायजे? एक म्हनतो, "पात्यांचा पीळ वाढवा, पीळ जास्त तेवढी होडी पळनार." दुसरा म्हनतो, "चार पाती लावा." बुधा डोळे मिटून म्हनतो, "मोटारीला... पंखा... जड होतोय. पाती कापा." तीन दिवस! तीन दिवस माझी चटई, माझी चाय, माझी तंबाखू! मी एकदाच, एकदाच हो, दारातून म्हनाले, "अवो, त्या साहेबाच्या बोटीत असायचं काय? चार मानसं नि एक दुर्बीन. आपल्या होडीत..."

"हिरा, चूल बघ," घरवाला म्हनाला.

बघितली चूल. मला इचारलं कोनी?

बुधानं कानस घेतली नि घासली पाती. घासली, घासली... बोटाएवढी राहिली. मग मोटार चालू केली, तर तिचं कन्हनं गेलं, ओरडनं आलं. ईईईईं...! कुत्री पळाली गावातली. बुधा म्हनतो, "बघा, कशी मोकळी फिरते!" फिरते ना! फिरते! पन होडी? रिकामी असून मुंगीसारखी सरकतेय! तरी ह्या शहान्यांनी काय केलं असंल? वल्ही घरी ठेवली. का? तर वजन कमी व्हावं म्हनून! शीड पन घरी! मी म्हटलं, "वल्ही तरी न्या." माझा घरवाला हसला. तसं हसू नका कोनी कधी बायकोला, तुमाला सांगते.

त्या दिवशी ओहोटी जोरात, नि वारा उत्तरेचा. आमी बाया पाट्या घेऊन खाडीच्या तोंडाशी उभ्या. होडी आली, भरलेली, काठ पान्याला टेकलेला. नि खाडीच्या तोंडात येऊन उभी राहिली. मोटार ओरडतेय, पंखा पान्यात नुसता फेस काढतोय, नि ओहोटीचं पानी तिला मागं नेतंय... मागं म्हंजे कुठं? खडकाकडं. मी बघतेय. पयल्यांदा शिव्या दिल्या. मग शिव्या थांबल्या. दामू मागं वळून खडक बघत होता, ते मला हितून दिसलं. वल्हं नाय म्हनून फळी काढून पानी मारत होता, हातानं!

लाडकीची लहान होडी काठाला होती. लाडकी आमची शेजारीन, तीच ती, वालवाली. तिला म्हटलं, "चल!" ती म्हनाली, "आपन बाया?" मी म्हटलं, "मग बाप्ये कुठं हायत? ते तिकडं हायत!" मारली वल्ही दोघींनी. लुगडं भिजलं, हाताची सालं गेली. जवळ गेल्यावर दोर फेकला नि ओरडले, "मासळी टाका पान्यात!" बुधा म्हनतो, "सगळी?" म्हटलं, "नाय, तुमी उडी मारा, तुमीच जड हाव!" बावीस पाट्या बोंबील पान्यात गेला. होडी वर आली, दोर ताठ झाला, नि दोन बायांनी चार बाप्ये नि चाळीस घोडे वढून काठाला आनले.

घरी आल्यावर दामू तसाच आडवा झाला. जेवला पन नाय. सकाळी उठले, तो पंखा मोटारीचा काढला, पाटीत ठेवला, पाटी डोक्यावर, नि सरळ बोईसरची एस्टी. कंडक्टर म्हनतो, "पाटीत काय हाय बाई?" म्हटलं, "पंखा." म्हनतो, "पंखा? तुमच्या गावात वीज कुठं आली?" सगळी एस्टी हसली.

बोईसरजवळ सरावलीला चंद्रभान म्हनून एक मेकॅनिक राहतो, नगरकडचा, कंत्राटदाराच्या कारखान्यात कामाला. आमच्यांनी खडकावरून काढलेल्या चौघांतला एक तो. त्यानं पंखा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. म्हनतो, "आक्का, ह्यो पंखा हाय का चमचा?" मग इचारायला लागला. इचारायला, बरं का! मला! "होडी भरली तर माल किती?" म्हटलं, "बावीस पाट्या. मला म्हाईत, मीच वाहते." "मानसं किती?" "चार, त्यात माझा जेठ दोघांएवढा." "जाळं?" "ओलं झालं की उचलायला चौघं." "मोटार पुरी सोडली की आवाज कसा येतो?" तर मी करून दाखवला. आधी घर्रर्र, मग ईईईईं! आजूबाजूचे मजूर जमा झाले, एक भय्या म्हनतो, "वाह बाई, फिर से करो!"

चंद्रभान म्हनाला, "साहेबाची बोट हलकी, तिला जास्त पिळाचा पंखा. एका फेऱ्यात लांब ढकलतो. भरल्या होडीला त्यो झेपत नाय. तुमाला कमी पिळाचा नि रुंद पात्यांचा पायजे." म्हटलं, "म्हंजे डोक्यावर पाटी असली की पावलं आखूड टाकायची, तसं?" तो म्हनाला, "तसंच, आक्का." अन् मागं जाऊन, सामानाचा तराफा वढायचा जुना पंखा होता तसल्याच मोटारीचा, तो दिला काढून. घेतलं काय? काय नाय. म्हनाला, "मी जित्ता हाय, तेवढं पुरं."

आनला. बसवला. बुधा म्हनाला, "ह्यानं पळनार नाय." नाय पळत! रिकामी होडी बैलगाडीसारखी जाते. पन भरली होडी, ओहोटीला, वाऱ्यावर, खाडीच्या तोंडात गेली नि मोटार ना कन्हली, ना ओरडली... धड धड धड, सरळ काठाला! किनाऱ्यावर मी नि लाडकी उभ्या. माझ्या डोळ्यांत खारं पानी गेलं होतं वाऱ्यानं.

आता काल वडराईचे दोघं आले होते. त्यांनी पन मोटार घेतलीय. ओटीवर बसले, म्हनतात, "दामूभाऊ, पंखा निवडलात कसा?" नि आमचा दामू! पायावर पाय टाकून म्हनतो, "त्याचं असं हाय... भरल्या होडीला आखूड पाऊल! त्याला अंदाज लागतो, अंदाज!" बुधा मान हलवतोय, "लागतो, लागतो." मी दारातून तोंड उघडलं, तर म्हनाला, "तुला काय कळतंय मोटारीतलं?"

आता पावन्यांसमोर काय भांडू? पदर खोचला नि पावन्यांनाच इचारलं, "गुळाची चाय चालंल ना?"