ग्रेटाचा रोजचा जोड

हॅलो?… हॅलो, कोण?… हं, व्हर्ना. बोल… नाही गं, ऐकू येतंय आता, उलटा धरला होता मी फोन… हो, एल्डनच. माझा फोन दुसरा कोण उचलणार?… मी बरा आहे. तू जेवलीस का?… मीठच घालत नाहीत? अगं, हृदयाचं दुखणं तुझं, मीठ कसं घालतील?… बरं, बरं. माझ्यावर कशाला चिडतेस, मी काय तिथला स्वयंपाकी आहे?

कुठे? गावात आलोय. बुटांच्या दुकानात… मला नकोत. माझ्या जोडाला अजून एकदा तळ मारून घेतला की मला जन्मभर पुरेल तो… ग्रेटाला घ्यायचेत. काऊबॉय बूट… हो, ग्रेटालाच… हसू नकोस, धाप लागेल तुला… पहिलाच जोड तिचा. रोज घालायला.

एक मिनिट हं, व्हर्ना. दुकानदार काहीतरी विचारतोय. धर जरा.

ग्रेटा, इकडे ये. व्हर्नाचा फोन आहे… हात ठेवलाय मी यावर, तिला ऐकू जात नाही… नाही, तिला काहीच माहीत नाही अजून. तिच्या पोरीनं, नेडीननं, शपथ घातलीय मला. गुरुवारी आईचं ऑपरेशन होऊ दे, तोवर रॉयस गेल्याचं तिच्या कानावर पडता कामा नये म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणतात… तुझा नवरा खरा, माझा मुलगा खरा, पण वाढवला तो या त्याच्या आत्यानं, पोरी. त्याची आई गेली तेव्हा चालतही नव्हता तो. मी दिवसभर घोड्यावर, आणि तो हिच्या कडेवर… मला तरी कुठे जमतंय खोटं बोलायला? पण करू काय? तू आपली बूट बघ. आवाज तेवढा चढवू नकोस.

हं, बोल व्हर्ना… काही नाही, कॉफी घेणार का विचारत होता.

आत्ताच का म्हणजे?… हो, तीन वर्षं नाहीच म्हणत होती. लग्नातसुद्धा कॅनव्हासचे पांढरे बूट घालून उभी राहिली, तू नाताळापर्यंत तेच धरून बसली होतीस… आता झालं तिचं मन. सकाळी गुरांना चारा घालायला जाते ना. चिखल, वर बर्फ. त्या शहरी बुटांत पाणी शिरतं… तीच जाते, हो… मी गाडी चालवतो, ती मागे उभी राहून गवताचे गठ्ठे सोडते… चांगलं करते गं. पहिल्या दिवशी गठ्ठ्याबरोबर स्वतःही खाली पडली, आता नाही पडत.

रॉयस?… रॉयस कॅन्ससला आहे, सांगितलं ना नेडीननं तुला… गुरांच्याच कामावर… हो, अजून आहे… तिकडे फोन लागत नाही म्हणतात… मला माहीत आहे तो तुझा रविवारचा फोन चुकवत नाही… तीन चुकले, हो… बोलेन मी त्याला. बोलेन म्हटलं ना… अगं ऐक ना, ते राहू दे, बुटांचं सांग. तुला विचारल्याशिवाय आपल्या घरात कुणी बूट घेतलेत का? मला पहिला जोड तूच घेऊन दिलास, तुझं नि होबर्टचं लग्न झालं त्या साली. एकसष्ट… बासष्ट का? बरं, बासष्ट. लग्न तुझं आणि नवे बूट मला, आई किती बोलली होती… हो, हो… होबर्टनं जुनेच घातले, खरंय. बिचारा.

मोजे? घातलेत. कामावर घालते तेच जाड… हो, मीच सांगितलं होतं… दुपारी आलोय, सकाळी नाही. पाय दिवसभराचा फुगलेला हवा, एवढं माहीत आहे मला, व्हर्ना. बहात्तरचा झालोय मी… त्र्याहत्तर. बरं. तुला सगळं बरोबर लक्षात राहतं.

कोणता आवडलाय? थांब, विचारतो. ग्रेटा, कोणता गं?… व्हर्ना, तो निळ्या फुलांचा. पोटरीवर निळ्या टाक्यांची फुलं काढलीत आणि टोक असं की कोपऱ्यातलं झुरळ मारता येईल… मीही तेच म्हणालो, नाचायला ठीक आहे… शहामृगाचं कुठलं, साधं गाईचंच चामडं आहे. ग्रेटा, व्हर्ना म्हणते, शेणात उभं राहिल्यावर फुलं काय नि काटे काय, सगळं सारखंच… ती म्हणतेय, निदान पहिले आठ दिवस तरी दिसतील. हसली. हसली बघ, व्हर्ना, तुझ्यामुळे हसली…

नाही, तसं नाही. रडत कशाला असेल? मी आपलं सहज म्हटलं. हसते की रोज… हो, आमचं बरं चाललंय. परवा तिनं मक्याची रोटी भाजली, मध्ये कच्ची होती, खाल्ली मी.

आता दुसरा काढलाय. तपकिरी. साधा. टोक गोल, टाच बुटकी… उंच हवी? अगं, ती घोड्यावर बसते कुठे अजून?… बसेल. बसावं लागेल, हो. म्हणजे… शिकेल म्हणतो हळूहळू. सगळेच शिकतात… रिकिबीतून पाय पुढे घुसायला नको, कळलं. मग मधली टाच चालेल? फार बुटकी नाही, फार उंच नाही… बरं. दुकानदाराला सांगतो. अहो, याच्यात मधली टाच आहे का?… आहे म्हणतोय. आत गेलाय आणायला.

तळ? तो म्हणतो रबराचा घ्या, बर्फात घसरत नाही… हो, आणि रिकिबीत अडकतो, घोडा उधळला की पाय सुटत नाही. मान्य. पण व्हर्ना, ती चालणार जास्त नि बसणार कमी, तर… बरं. बरं, चामड्याचा. मी कुठे भांडतोय? तू पडल्या पडल्या हात हलवू नकोस, ती सुई निघेल.

आणला. घालतेय… बुटाचे दोन्ही कान, वरचे पट्टे, धरून ओढतेय… जातच नाही म्हणते… नाही गं, वाकडा नाही धरलेला, सरळच धरलाय. ग्रेटा, पाय आत सोड आणि टाच जमिनीवर मार. जोरात. अजून… गेला. ऐकलास आवाज?… हो, असा ठप् झाला. झाला म्हणजे बरोबर?… चल, एक तरी बरोबर झालं आज.

आता म्हणते, चालताना टाच वर सरकते… सरकू दे? किती?… बोटाच्या जाडीएवढी चालेल. नवा आहे तोवर सरकणार, तळ वाकायला लागला की बसते. ग्रेटा, राहू दे म्हणते… ती म्हणतेय एक नंबर मोठा घेते, पाय मोकळा वाटतो… ओरडू नकोस गं, नर्स धावत येईल… सांगतो. सांगतोय. ग्रेटा, मोठा घ्यायचा नाही. मोकळा बूट आज गोड वाटतो, महिन्याभरात टाचेची सालटी काढतो. व्हर्ना म्हणते, मी नाही… हो, तिला ऐकू जातंय, व्हर्ना, सगळ्या दुकानाला ऐकू जातंय.

अंगठ्याच्या मुळाचं हाड?… ते बुटाच्या सगळ्यात रुंद जागी यायला हवं. दाबून बघू? मला वाकता येत नाही, गुडघा धरलाय माझा. दुकानदार बघतोय दाबून… त्याच्यावर विश्वास नाही? मग काय करू? तू येतेस अंगावरच्या नळ्या घेऊन?… नाही, तशी नाही गं बोललो. ये की. गुरुवार पार पडला की ये. मी आणायला येईन… दोघं येऊ. मी नि ग्रेटा… गाडीत जागा कमी पडते, म्हणून दोघं म्हटलं.

थांब. ग्रेटा, गालिच्यावर नको, इकडे फरशीवर चाल. दारापर्यंत जा आणि ये… चालतेय. बरी चालतेय, व्हर्ना. पाठ ताठ झाली तिची. बूट घातले की होतंच तसं… हो, उंच दिसते… परत येतेय. बसली… काही नाही, बसली नुसती. आरशासमोरच बसली… दमली असेल.

काय? तिचे आत्ताचे बूट? ते कशाला बघायला हवेत?… आतून कुठे घासलेत ते बघू? म्हणजे पाय कुठे लागतो ते कळतं, हो का? बरं, उचलतो… टाचेला नाही घासलेत. बाहेरच्या बाजूला घासलेत, करंगळीकडे. पण व्हर्ना, त्यावरून तिच्या पायाचं काही कळणार नाही, रॉयसचे आहेत हे, तिनं पुढे कागद कोंबलेत नि दोन दोन मोजे…

…

हॅलो?… हो, आहे मी… हो. रॉयसचे म्हणालो… त्याचे रोजचे, हो… ठेवून गेला तो… घरीच ठेवून गेला… मला माहीत आहे तो त्यात कुणाला पाय घालू देत नाही… माहीत आहे, व्हर्ना, बूट दुसऱ्याच्या पायाचा झाला की आपला राहत नाही, लहानपणापासून तूच सांगत आलीस आम्हाला… ग्रेटाचे भिजले होते, म्हणून तिनं… एवढंच.

काय?… त्याच्या पायात?… आहेत ना. बूट आहेत त्याच्या पायात. अनवाणी कसा राहील?… दुसरा जोड… व्हर्ना, डॉक्टर आले असतील बघ तुझ्याकडे. नंतर करतो मी फोन… नाही आले?… नाही, ठेवत नाही.

चर्चचा. चर्चचा जोड आहे त्याच्या पायात… काळा, हो. तू लग्नात दिलास तो… हो, आजसुद्धा… मंगळवार आहे, मला माहीत आहे मंगळवार आहे… नाही, गुरांत नाही… कुणाच्या लग्नालाही नाही… कॅन्ससला नाही गं… पॉलिश आहे. चांगलं आहे. एकाला मी केलं, एकाला ग्रेटानं…

ग्रेटा. पोरी, ऐक, मला नाही जमत. तिला कळलंय. तू बोलतेस का?… नको. बरोबर आहे. मीच बोलतो. रडू नकोस, इथे बस माझ्याजवळ… अहो, जरा पाणी द्याल का हिला?

व्हर्ना?… आहेस?… घंटी दाब उशाची. दाबलीस का? कुणालातरी जवळ बसायला सांग… अगं, दाब ना. माझ्यासाठी दाब… नर्स आली? तिला सांग हात धर म्हणून… बरं. बरं.

नेडीनला काही बोलू नकोस. तिनं तुझ्यासाठीच… आम्ही सगळ्यांनीच… मी येणार होतो गं सांगायला. गुरुवार झाला की समोर बसून सांगणार होतो. फोनवर नको होतं मला हे… ऑपरेशन करून घ्यायचं. नाही, ते करायचंच. मला तू हवीस अजून… हो, ग्रेटालाही. ती राहतेय. माहेरी गेली नाही, मी दोनदा सांगितलं जा म्हणून, म्हणाली, गुरांना चारा कोण घालेल?… म्हणून तर बूट घेतोय. नाहीतर कशाला?

हो. तपकिरीच. मधली टाच, चामड्याचा तळ… मोठा नंबर नाही घेत. तू सांगितलास तोच… रोज रात्री आत कागद भरून ठेवायचा, शेकोटीजवळ नाही ठेवायचे. सांगतो तिला… ऐकलं तिनं. मान हलवतेय.

काय?… तुला कळलंय की. मग कशाला लावतेस मला बोलायला?… व्हर्ना, नको… नाही, मी बोललो नाही अजून ते तोंडानं. पाद्रीबाबा बोलले, बाकीचे बोलले, मी नाही… तुला माझ्याकडूनच हवं?… बरं. धर तिचा हात. सांगतो, आणि मग मी फोन ठेवतो, मला पुढे नाही बोलता यायचं.

रस्त्यावर बर्फ होता. गाडी उलटली. आपला रॉयस गेला, व्हर्ना. जानेवारीच्या बावीस तारखेला, सोमवारी, सकाळी.