सूर धरणारा

माझं गाव गणेशपुरीच्या बाजूचं. बाप सनई वाजवायचा, आमी दोघं भाऊ, मी थोरला, दामू धाकटा, तर दामूच्या बोटात गाणं होतं म्हणून सनई त्याच्याकडं गेली आनि माझ्याकडं आला सूर. आता सूर म्हंजे काय सांगू तुमाला, दिसायला सनईच, पन तिच्यावर एकच स्वर धरून ठेवायचा, सनई वर खेळते तोवर तो खाली तुटू द्यायचा न्हाय. नाकानं श्वास घ्यायचा, गालातनं सोडत राह्याचा, हे शिकायलाच माझी दोन वर्षं गेली.

पोटाला निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर शिफ्ट करतो, लग्नसराईत सुट्टी टाकून दामूबरोबर जातो. तर एका लग्नातला आमचा व्हिडिओ कुनीतरी टाकला, लई लोकांनी बघितला. पन मोबाईलमधी माझा सूर ऐकूच येईना. खाली लोकांनी लिवलं, बाजूवाला नुसता गाल फुगवून बसलाय. माझी मुलगी वाचून दाखवत होती, ती मधीच थांबली. मी म्हनलं वाच गं, हसलो बी, पन लागलं मनाला.

मग धामणकर नाक्यावरचं एक लग्न आलं, नवरीचा बाप दामूला म्हनाला, व्हिडिओ बघितलाय आम्ही, दुसऱ्याचं काय काम, तुम्ही एकटेच या. दामू म्हनला, दादा, मी त्यांना न्हाय म्हनून सांगतो. मीच म्हनलं, जा. गेला. दुपारीच परत आला, चप्पल न काढता उंबऱ्यावर बसला. दादा, वाजवत होतो पन पाय टेकायला जमीनच न्हाय, आनि एक म्हातारी मांडवातनं उठून आली, म्हनली, अरे लेकरा, तुझ्यासंगं कुनी न्हाय का रे? त्यानंतर तो एकटा कधी गेला न्हाय.

मुलीनं मग आमचा दुसरा व्हिडिओ केला, मोबाईल माझ्या जवळ धरून, आधी दामू एकटा, मागनं माझा सूर. एका बाईनं लिवलं, एवढी वर्षं सनई ऐकली, सूर आज ऐकला. ते मी मुलीकडनं तीनदा वाचून घेतलं. बाकीचे आता इचारतात, काका, श्वास किती मिनिटं धरता, आनि घड्याळ लावून उभे राहतात. श्वास कुठं धरतो बाबांनो, तो तर चालूच हाय.

असू द्या. हसले त्यांचं बी भलं होवो, त्यांच्या बी दारात मांडव लागो. आमाला बोलवा, पन दोघांना बोलवा.