कपाट नंबर चार

काका : सांगतो बाईसाहेब, सगळं सांगतो. पण आधीच बजावून ठेवतो, तुमचा विश्वास बसायचा नाही. माझासुद्धा बसला नव्हता, आणि मी तर तिथं डोळे फाडून उभा होतो.

तपासनीस : मी एवढंच विचारलंय. कपाट नंबर चार, मातीचं वाडगं. यादीत आहे, कपाटात नाही. कुठे गेलं?

पुतणी : एका वाक्यात सांगा, काका.

काका : एका वाक्यात पाणी मागता येतं, चिमे, हकिगत सांगता येत नाही. तर शनिवारचा खेळ. हे जुनं जकातघर, आता हिचं हॉटेल, जेवणाऱ्यांनी खच्चून भरलेलं. स्टेजवर आपली गाणारी बाई. तिचा तो वरचा सूर ठाऊक आहे ना? त्या सुरानं मागं एका पाहुण्याच्या चष्म्याची काच तडकली होती.

पुतणी : चष्म्यावर तो स्वतः बसला होता.

काका : बसला, पण सूर ऐकून बसला! तर परवा तिनं तो सूर लावला आणि चार नंबरचं कपाट गुणगुणायला लागलं. मणी थरथरले. हाडाची फणी उभी राहिली, दात वर करून. आणि वाडगं... बाईसाहेब, वाडगं भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं. गरगरता गरगरता त्याचं पीठ झालं. ही एवढीशी ढिगली.

तपासनीस : आणि शेजारच्या फणीला काही झालं नाही?

काका : हाड चिवट असतं.

तपासनीस : कपाटाची काच?

काका : साधा ओरखडा नाही. तेच तर नवल!

पुतणी : नवल कसलं, फेकाफेक! बाई, ह्यांचं मनावर घेऊ नका. लोक जेवत असताना टेबलाटेबलावर जाऊन कपाटातल्या वस्तूंच्या गोष्टी सांगायच्या, हे ह्यांचं काम. तो रोग आता हाडात मुरलाय.

काका : रोग म्हण! तुझ्या त्या गाणारीला लोक टाळ्या वाजवतात, माझ्या गोष्टीला हातातले चमचे खाली ठेवतात. विचार तुझ्या वाढप्यांना.

पुतणी : विचारलंय. चमचे खाली ठेवतात, सूप गार होतं, मग गरम करायला परत पाठवतात. तेवढीच तुमची कीर्ती.

तपासनीस : तुमचं भांडण मागाहून. आधी माझं नीट ऐका. स्टेजचा पाया खणताना ह्या वस्तू निघाल्या. आमच्या पुरातत्त्व खात्यानं त्या इथेच ठेवू दिल्या, काही अटींवर. माती आहे, फुटते. आमच्या गोदामातही फुटते. फुटलं असेल तर मी ‘फुटलं’ असं लिहीन, सही घेईन आणि जाईन. पण खोटं सांगितलंत, तर पाचही कपाटं आजच्या आज गाडीत चढतील. गाडी दारात उभी आहे.

पुतणी : ऐकलंत? पाचही! मग लोकांना काय भिंतीवरचे खिळे दाखवणार? कपाटं गेली की तुम्हीपण घरी. कोट सांभाळायच्या खिडकीतसुद्धा बसवणार नाही मी तुम्हाला.

काका : तुझ्या बापानं मला मानानं इथं आणलं होतं.

पुतणी : मानानं आणलं आणि माझ्या गळ्यात बांधून गेले.

काका : बरं. खरंच सांगतो मग. चोरी झाली.

पुतणी : झालं सुरू.

काका : करड्या कोटातला माणूस होता. खिडकीजवळचं टेबल. तीनदा आला, तिन्ही वेळा नुसतं सूप मागवलं. एवढ्या धिप्पाड माणसाला सूप पुरतं होय? तिथंच मला वास आला. दाढी चिकटवलेली. बोलताना डाव्या बाजूनं सुटायची, की हा आपला अंगठ्यानं दाबायचा.

तपासनीस : कुलूप तोडलं त्यानं?

काका : तोडलं... नाही. उघडलं. शीळ घालून.

तपासनीस : शीळ घालून.

काका : अगदी बारीक शीळ. कुलपांना बरोबर कळते.

तपासनीस : बाई, तुमच्या माणसांना सांगा, मधल्या खुर्च्या हलवा. कपाटं बाहेर काढायला जागा लागेल.

पुतणी : थांबा हो, एक मिनिट थांबा! काका, हात जोडते. नाही, हात जोडत नाही, मानगूट धरते. कपाटाची किल्ली कुणाच्या गळ्यात असते?

काका : माझ्या.

पुतणी : दुसरी आहे?

काका : नाही.

पुतणी : मग तो सूपवाला कशाला शिळा घालत बसेल? बोला आता.

(काका खुर्ची ओढून बसतात.)

काका : मी काढायचो ते.

तपासनीस : काय?

काका : वाडगं. कपाटातून काढून लोकांच्या हातात द्यायचो. रोज नाही. एखादं टेबल खरंच ऐकतंय असं वाटलं, तरच. काचेमागं ते नुसतं चित्र असतं, बाईसाहेब. हातात आलं की माणूस गप्प होतो. आतून, काठाच्या खाली, घडवणाऱ्याचं बोट उमटलेलं होतं. मी म्हणायचो, इथं तुमचं बोट टेकवा. बरोबर बसायचं.

पुतणी : कधीपासून चाललंय हे?

काका : दोन वर्षं.

पुतणी : दोन वर्षं! माझ्या नाकाखाली!

काका : तुझं नाक सदा वर. खालचं दिसणार कसं?

तपासनीस : शनिवारचं सांगा.

काका : हिनं त्याच घाटाची साठ वाडगी बनवून घेतलीत. सूप वाढायला. हुबेहूब. त्या टेबलावर सहा माणसं, सहा वाडगी. सातवं माझं. एका बाईंनी ते दोन्ही हातांत धरलं आणि त्यांना एकदम रडूच फुटलं. का, ते मी विचारलं नाही. पाणी आणायला गेलो. परत आलो तर टेबल साफ. सगळी वाडगी ट्रेमध्ये, ट्रे आत, आणि आतून थेट भांडी धुण्याच्या मशीनमध्ये.

पुतणी : आई गं.

काका : धावलो. पण ते मशीन एकदा सुरू झालं की मधे उघडत नाही. दाराला कान लावून उभा राहिलो. बाकीच्या खडखडाटात एकाचाच आवाज वेगळा येत होता. मग तो यायचा थांबला.

तपासनीस : कच्ची भाजलेली माती. गरम पाण्याच्या माऱ्यात टिकणार नव्हतीच.

काका : चूक माझी. टेबल पुसणाऱ्याची नाही, हिचीही नाही.

पुतणी : मग हे आल्या आल्या सांगायला काय झालं होतं?

काका : ह्यात सांगण्यासारखं काय आहे? एक म्हातारा पाणी आणायला गेला. ही काय गोष्ट झाली?

तपासनीस : मला हीच हवी होती. लिहिते. ‘नियमाबाहेर हाताळलं, चुकून भांड्यांच्या मशीनमध्ये गेलं, फुटलं.’ किल्ली आजपासून तुमच्या पुतणीकडे. कपाटं राहतील.

पुतणी : सुटलो! करा सही, काका. आणि तोंड मिटून करा.

तपासनीस : सहीआधी एक रकाना राहिलाय. तुकडे कुठे आहेत?

पुतणी : कचऱ्यात गेले असणार. तसंच लिहा ना.

तपासनीस : मी त्यांना विचारतेय. टाकले असले तरी चालेल, आजोबा. फक्त सांगा.

काका : टाकले? टाकवतील का हो, बाईसाहेब? हजार वर्षं जमिनीत राहिलेली वस्तू ती. एकूण एक तुकडा रुमालात वेचला. रविवारी कुणी यायच्या आधी स्टेजच्या मागं गेलो, जिथून ते निघालं होतं तिथंच. गुडघे टेकले. ह्या हातांनी माती उकरली. काळी, मऊ, गार माती. एकेक तुकडा ठेवला आणि वरून माती सारली. म्हटलं, घे बाई, तुझं तुला.

तपासनीस : इतकी वर्षं नोकरी करतेय, पण असं कुणी केलेलं ऐकलं नव्हतं. चला आजोबा, जागा दाखवा. गाडीत खुरपं आहे माझं. तुकडे हाती लागले तर मी स्वतः बसून जोडीन.

काका : आत्ता? आत्ता लगेच कशाला...

तपासनीस : पाच मिनिटांचं काम.

पुतणी : खुरपं राहू द्या, बाई. स्टेजच्या मागं माती कुठंय, काका? पाया भरला तेव्हापासून तिथं सगळी फरशी आहे.