कावळे डोक्यांना शिवेनात

हसणार असाल तर सांगत नाही. डोंबिवलीला गच्चीवर मी माशांची डोकी वाळवायचो. ती दळून कुत्र्यांसाठी ताकदीची पावडर बनवायचो. दिवसभर कावळे हाकलायचे! डोकी आणणारी कोळीण मावशी वारली, नि दहावं झाल्यावर तिची सून टोपली घेऊन आली.

मी म्हटलं, "उद्यापासून नको गं. कल्याणला दुसरा माणूस मिळालाय."

डोकी पसरली. कठड्यावर कावळ्यांची रांग, पण एकही खाली येईना, ओरडेना.

सून हळूच म्हणाली, "दादा, पिंडालाबी नाय शिवलं. शेवटी दर्भाचा कावला केला."

मी कठड्याकडे वळलो. हात जोडले. "मावशी, टोपली तुझ्याच घरची घेईन."

सगळे एकदम खाली झेपावले.

धंदा केव्हाच बसला हो. टोपली अजून रोज येते, नि मी एकही कावळा हाकलत नाही.