भिंतीवरचा खिळा

जीपनी या प्रवासी गाडीसाठी लागलेली रांग हलत नव्हती, पण रोदेलला घाई नव्हती. पुढच्या दोघी शेजारणी मोबाईलवर आयुक्तांवरच्या महाभियोगाची सिनेटमधली सुनावणी बघत होत्या.

"कसा साळसूद चेहरा करून बसलाय बघ, किकाय. हाकला म्हणावं मेल्याला."

"आलिंग इस्का, तुमच्या लेकीच्या लग्नात साक्षीला धर्मपिता म्हणून हेच उभे होते ना?"

"सत्तावीस जण उभे होते. हा त्यातला एक."

"फोटो मात्र ह्यांच्यासोबतचाच लावलात, चांगला दाराएवढा."

"उतरवला की. सुनावणी लागली त्याच दिवशी."

"टाकून दिलात?"

"पलंगाखाली ठेवलाय. चादरीत गुंडाळून."

"आणि भिंतीवर?"

"नुसता खिळा."

"मग तोही उपटून टाका."

"थांब गं. अजून सिनेटरांचं मतदान व्हायचंय."