काजळीचा पान्हा

—व्हय, देतो की, पर तिथं नगा हुबं ऱ्हाऊ पावणं. हिकडं या, उजव्या अंगाला. डाव्या बाजूनं कुणी आलं की लाथ झाडती ही. गेल्या म्हैन्यात एका पुण्याच्या पावण्याची पांढरी प्यांट— जाऊ दे. या, टेका त्या कट्ट्याला. गिलास मोठा का बारका? मोठा? शाब्बास! आता वाईच थांबाय लागंल, आनि मी बोलत बसलो तर वैताग नगा. मी काय बडबड्या माणूस न्हवं. पर ही काजळी बोलल्याबिगर पान्हा सोडत न्हाय. हसताय? खरं सांगतो. कानावर माणसाचा आवाज पडत ऱ्हायला तर कासंत दूध उतरतं, माणूस गप झालं की ही पान्हा चोरती. बारीक आवाज चालत न्हाय, चांगला खणखणीत लागतो. सवय कुणी लावली? माझ्या नातीनं, निशिगंधानं. चार वर्साची हुती तवापास्नं हितं बसून हिला पाढं म्हणून दावायची— बे एकं बे, बे दुणे चार— आनि तेराचा पाढा येईस्तवर माझी बादली भरायची बगा. जूनपास्नं पोरगी यायची बंद झाली. मला काय पाढं येत न्हाईत. मग गिऱ्हाइकासंगं बोलतो.

बस गं, बस... आली, आली धार. ह्यो आवाज ऐका, बादलीत कसा वाजतोय. कोल्लापुरात अजून ह्यो कट्टा हाय म्हणून म्हस डोळ्यापुढं पिळून दूध मिळतंय, न्हायतर पिशवी फोडा आनि प्या. त्यो कोण? त्यो लिंबाखाली हिकडं पाठ करून बसलाय त्यो? त्यो पिराजी. बादली हाय, पर म्हस न्हाय त्याच्याकडं आता. तरी बरोबर पाचला येतो, नळावर बादली धुतो, बसतो, सातला उठून जातो. चाळीस वर्सं ह्या येळंला हितं आलेला माणूस, घरात बसून काय करंल? मी रोज एक गिलास देतो त्याला. त्यो बगा हातात हाय त्यो माझाच, मघाशी दुसऱ्या म्हशीचं पिळून दिलाय. पैसं कसलं, छ्या. दोस्त हाय माझा. एका तालमीतलं आमी.

काय म्हनला? पिराजीच्याच कामाला आलाय? वकील? आवो मग आदी सांगायचं की, मर्दा! मी आपलं गिलास मोठा का बारका करत बसलोय. पिराजीनं वकील लावलाय हे ठावं हुतं, पर त्यो असा चोवीस-पंचवीस वर्साचा आसंल असं वाटलं न्हवतं. राग मानू नगा. आनि माझ्याकडं काय काम? न्हाय, कागद नगा काढू, माझं हात धारंत गुतल्यात. तोंडानं सांगा. ...पाणंद. हं. पाणंदीचं इचारताय व्हय.

—हिला थांबून चालत न्हाय, बोलायलाच पायजे. सांगतो. पाणंद हुती का? हुती की. आमच्या तालमीच्या मागनं निगायची ती थेट पाण्याच्या खणीवर. दोन्ही अंगाला निवडुंग, मधनं गाडी जाईल एवढी वाट. माझ्या आज्ज्यानं त्याच वाटंनं म्हशी न्हेल्या, बानं न्हेल्या, मी न्हेल्या. खणीत म्हस धुतल्याबिगर सांजची धार न्हाय, ह्यो आमचा रिवाज. आता मान वर करा— त्यो सोळा मजली टावर दिसतोय न्हवं, लायटी लागाय लागल्यात त्यो— त्येच्या कंपौंडात गेली पाणंद. लोखंडी गेट, दोन वाचमन. आत गुळगुळीत फरशा घातल्या, बाकडी टाकली, सकाळच्याला मंडळी बूट घालून पळत्यात तितं. कुत्री फिरवत्यात. म्हंजी बगा, कुत्र्याला परवानगी हाय, म्हशीला न्हाय! तेंच्याकडं पैसा हाय ह्याचा मला राग न्हाय वकीलसाहेब. ज्याचं त्याचं नशीब. एकेकाच्या चार-चार गाड्या, ऱ्हाऊ देत. पर आमच्याकडं एक वाट हुती, ती बी तेनला लागत हुती— ह्याचा हाय राग.

मग म्हशी निगाल्या हायवेनं. दुसरी वाटच न्हाय की. आनि तितंच त्यो घोळ झाला. तुमाला पिराजीनं सांगितलंच आसंल, पर त्यो धड सांगत न्हाय, गडी रडायला लागतो, मी सांगतो. आमी दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतो, ठावं हाय न्हवं? शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्याची माळ, आनि आपुन मोटरसायकल घेऊन म्होरं जायाचं. गाडीची पुंगळी, म्हंजी सायलेन्सर, काढल्याली, दणदण आवाज. त्या आवाजामागं म्हस शेपूट वर करून पळाय पायजे. लगाम न्हाय, दावं न्हाय, नुसत्या आवाजावर. दोन म्हैनं आदी शिकवाय लागतं. पिराजीची पोवळी असली पळायची, काय सांगू! ह्या काजळीची सख्खी भन. माझ्याच गोठ्यात जल्मली, रेडी आस्ताना मी पिराजीला दिलती. शिकवली बी आमी दोगांनी मिळून, त्येच्या गाडीवर म्होरं त्यो, मागं मी बसून हाका मारत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पिराजी तिला हायवेच्या कडंनं खणीवर घिऊन चाललावता. चालत, शिस्तीत. आनि मागनं आला त्यो ऋतुराज. टावरवाल्या विजयसिंह सायबाचा पुतण्या. त्येची ती बारा लाखाची मोटरसायकल, तिला आमच्यासारखी पुंगळी काढाय लागत न्हाय, कंपनीतनंच दणदणती. ह्यांच्या बाजूला आला आनि पोरानं रेस पिळली. गंमत म्हणून. झालं! पोवळीला वाटलं पाडवा आला. शेपूट वर केलं आनि सुटली त्येच्या मागं. पिराजी वरडतोय, पळतोय— ती कशाला थांबती? तिला तेच शिकवल्यालं. म्होरं वळणावर पोरानं ब्रेक मारला, ती जाऊन धडकली, आनि मागनं डंपर.

पोराचा पाय मोडला. पिराजी मधी घुसला, त्येचा उजवा कान गेला, काय ऐकू येत न्हाय त्येला. पोवळी रस्त्याच्या कडंला तासभर जित्ती हुती. मी गेलो तवा माझा आवाज ऐकून मान उचलली तिनं. ...बस गं काजळी. बस. काय न्हाय, बस. पेपरात काय आलं ठावं हाय? ‘मोकाट म्हशीची धडक, तरुण जखमी.’ मोकाट! धन्याच्या हाकंवर वाढल्यालं जनावर, आनि मोकाट. केस कुणावर? पिराजीवर. बयाबाई, त्येची बायको, त्याच टावरात बाराव्या मजल्यावर भांडी घासायची, मागच्या लिफ्टनं जायाची, म्होरच्या लिफ्टला हात लावायचा न्हाय— तिला दुसऱ्या दिवशी गेटवरनं परत पाठवलं.

व्हय, कळलं मला. तुमाला कोर्टात दावायचं हाय की पिराजीनं म्हस हौसंनं हायवेला न्हेली न्हाय, त्येची वाट बंद केली म्हणून न्हेली. आनि त्येला साक्षीदार पायजे. सोमवारी तारीख. बरोबर हाय. पर तुमी दुसऱ्या कुणाला का इचारत न्हाय? हितं आठ-दहा गवळी हाईत. सगळी म्हनली क्रिष्णातला इचारा? आस्सं. सगळी लई हुशार. आवो, माझ्या एकट्याच्या सांगन्यानं काय हुनार हाय? तेंच्याकडं कागद हाय. ‘सदर जागेत कोणतीही वहिवाटीची वाट नाही, आम्ही स्थानिक दूध व्यावसायिक लिहून देतो की’— आनि खाली तीन सह्या. त्यातल्या दोन अशा माणसांच्या हाईत जे मरून गेलं, आनि तिसरी तर वाचाय बी येत न्हाय, पुसाटल्याली, हात वल्ला हुता म्हणून—

काय?

काय बगताय असं? कागद तुमच्याकडं हाय त्यो झेराक्स हाय, त्यात नुसता डाग दिसतोय, व्हय? हात वल्ला हुता हे मला कुणी सांगितलं? कुणीतरी सांगितलं आसंल. हितं कट्ट्यावर काय, सगळी बोलत्यात. ...दूध घ्या तुमी. धरा गिलास. धरा की! फेस खाली बसंल.

हां. आता तुमी गप ऱ्हायला म्हणून मी गप ऱ्हाऊन चालतंय व्हय? ही बगा, लगेच धार बारीक केली हिनं. हिला बोलायलाच लागतंय. ...हात माझा हुता. झालं समाधान? धारंवरनं उठवून न्हेलावता मला, हात पुसाय बी दिला न्हाय. शाळंच्या हापिसात. विजयसिंह सायबाचीच शाळा हाय ती, इंग्लिश, निळ्या बसा फिरत्यात बगा गावभर. मला एसीत बसवलं, च्या आणला कपबशीत. सायब स्वता म्हनला, ‘क्रिष्णातमामा, नात हुशार आहे म्हणे तुमची.’ मामा म्हनला मला! आनि म्होरं दोन कागद ठिवलं. एक निशिगंधाच्या प्रवेशाचा, सगळं फुकट, धावीपतोर. आनि एक त्यो. एकाबी शब्दानं म्हनला न्हाय की ह्यो केला तरच त्यो. नुसतं दोन्ही शेजारी शेजारी ठिवलं. तुमी आसता तर काय केलं आसतं? सांगा की! मी चौथी नापास. माझा पोरगा टेंपो हाकतोय. पोरगी पाढं म्हनायची ती म्हशीला म्हनून दावायची, कारण ऐकाय दुसरं कोण न्हवतं. मला वाटलं, वाटंचं काय, आज न्हाय तर उद्या तशीबी जाणारच. मोठ्या माणसाला कुणी अडवलंय? मग जाताजाता आपल्या पोरीचं तरी हुईल. केली सही. पिराजीला सांगितलं न्हाय. काय सांगणार?

आनि झालं काय त्येचं? पोरगी जाती की शाळंत. फाडफाड इंग्लिश बोलती. पयल्या म्हैन्यात कुणाच्यातरी वाढदिवसाला गेली त्या टावरात, घरात पवाय हौद हाय म्हनली. दुसऱ्या म्हैन्यात तीनदा साबण लावाय लागली. का? तर वर्गातली पोरं नाक धरत्यात, शेणाचा वास मारतोय म्हंत्यात. तिसऱ्या म्हैन्यात मला म्हनली, ‘आबा, मला सोडायला येताना गेटवर नका येऊ, कोपऱ्यावर थांबा.’ थांबतो कोपऱ्यावर. परवा शाळंच्या बाईंनी मला कोपऱ्यावर इचारलं, ‘तुमची डेअरी कुठं आहे?’ मी म्हनलो, कसली डेअरी? तर पोरीचं तोंड असं पांढरं झालं. तवापास्नं माझ्यासंगं धड बोलत न्हाय. गोठ्याकडं तर फिरकत न्हाय. नऊ वर्साची हाय ओ! तिचा काय दोष? आनि तुमी म्हंताय आता कोर्टात उलटी साक्ष द्या. सोमवारी साक्ष दिली की मंगळवारी तिचं दप्तर घरी. मग कुठं घालू तिला? हिकडची ऱ्हायली न्हाय, तिकडची झाली न्हाय. म्हशीला पाढं म्हनणारी पोरगी मला कोण परत देणार हाय, तुमी?

पिराजी तुरुंगात जाईल म्हंताय. जाईल न्हाय ओ, तेवढ्याला कुठं— जाऊ शकतो? सहा म्हैनं? ...मला भेव घालू नगा. रोज गिलास देतोय की मी त्येला. रोज. एक दिस चुकवला न्हाय. त्यो बी घेतो, ‘गोड हाय रं’ म्हंतो. दुधात माझी काय कसूर न्हाय. हळू बोलू? कशाला हळू? ऐकू येत न्हाय म्हनलो न्हवं त्येला, उजवा कान—

उजवा.

तुमी हिकडं सरका वाईच. मधनं बाजूला व्हा. ...मघाशी पाठ करून बसल्याला न्हवं ह्यो? कवा वळला? डावा कान हिकडं करून बसलाय. कवाधरनं? तुमी बगत हुता, मग सांगायचं न्हाय व्हय मला!

पिराजी. आरं पिराजी. आरं, काय न्हाय, ह्यो वकील आपला उगं— बस की. उठतोस कशाला, सात कुठं वाजल्यात? आरं हिकडं तर बग. बोल कायतरी. शिवी दे, चार दे. पिराज्या, तुझ्या पोवळीची शपत, मला वाटलं न्हवतं रं असं हुईल—

गेला.

बादली घिऊन गेला. गिलास कट्ट्यावर ठिवला. भरल्याला हाय. घोटबी घेतला न्हाय, फेस कवाच बसला. चाळीस वर्सात हितं दुधाचा गिलास कुणी भरल्याला ठिवून गेला न्हवता.

...बस गं काजळी. बस की, माझी बाय. ए. सोड गं वाईच. बे एकं बे. बे दुणे चार. बे त्रिक... न्हाय. चोरला बगा पान्हा. आता फाटंपतोर हिच्या कासंत थेंब यायचा न्हाय, वळकतो मी हिला.

त्यो तुमचा साक्षीचा कागद? न्हेऊ नगा. हात वल्लं हाईत माझं, मी आता धरत न्हाय. त्यो तिकडं ठिवा, पिराजीच्या गिलासाखाली, न्हायतर वाऱ्यानं उडंल. सही करतो असं मी म्हनलो न्हाय. ठिवा म्हनलो. आनि पेन बी ठिवा. आता काय इचारू नगा मला. दूध संपलं. जावा तुमी.